नाकातली नळी

कपाशी छातीला लागली की आमच्या आयसीयूत फवारणीचे पेशंट यायला लागतात. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. विदर्भातल्या आम्हा सिस्टरांना मात्र हा हंगाम आधीपासून माहीत होता. पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल, अंगात भिजलेला शर्ट. फवारणीचं कीटकनाशक श्वासातून जातं तसं कातडीतूनही जातं, म्हणून पेशंट आला की त्याचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवायचं.

तो मुलगा असाच आला. पंचविशीच्या आतला. घरची थोडी जमीन, बाकी दिवस रोजाने दुसऱ्यांच्या शेतात फवारणी. तोंडाला फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक. लगेच या विषावरचा उतारा, अॅट्रोपिन, सुरू केलं. एका अँप्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम औषध असतं आणि अशा पेशंटला कधी कधी डझनांनी अँप्युल लागतात. फोडून फोडून अंगठ्याला काच लागते. छाती मोकळी झाली का, काख कोरडी पडली का, नाडी 80 च्या वर गेली का, हे सतत बघायचं. कमी पडलं तर फुप्फुसं पाण्याने भरतात, जास्त झालं तर पेशंट भ्रमात जातो.

तो थोडा भ्रमात गेलाच. चादरीवर बोटं फिरवायला लागला, चिमटीत काहीतरी धरून बाजूला टाकत होता. उशाशी उभी असलेली आई म्हणाली, "कापूस येचून राह्यला बाई थो." मी खाली बघितलं तर खरंच तीच चिमूट, तोच मनगटाचा झटका.

दुसऱ्या दिवशी उतार पडला. त्याने आईला ओळखलं, चहा मागितला. नातेवाईक हात जोडायला लागले. या विषात इथेच सावध राहावं लागतं. एक ते चार दिवसांत पुन्हा घात होऊ शकतो. मानेचे स्नायू आधी ढिले पडतात, मग श्वासाचे. म्हणून प्रत्येक फेरीला मी त्याला सांगायची, "दादा, उशीवरून डोकं उचल बघू." तो हसून उचलायचा. मग एका संध्याकाळी हनुवटी नुसती थरथरली, डोकं उशीवरच राहिलं. डॉक्टरांना हाक मारली, नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. जे करायचं ते वेळेत झालं. तरी पुढे न्यूमोनिया झाला आणि माझ्याच नाईटला तो गेला. सीपीआर दिला. डॉक्टरांनी वेळ सांगितली, मी लिहून घेतली.

आई आत आली. रडली नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "बाई, थे नाकातली नळी काढून टाका ना. त्याले लय तरास होते."

एरवी मी ते क्षणात केलं असतं. पेशंट गेला की नळ्या काढायच्या, तोंड पुसायचं, डोळे मिटायचे, हनुवटीला पट्टी बांधायची. पण विषबाधा म्हणजे एमएलसी, मेडिको-लीगल, पोलिसांत नोंद होणारी केस. पोस्टमॉर्टेम होईपर्यंत एकही नळी, एकही सुई काढता येत नाही, अंगही पुसता येत नाही. नियम योग्यच आहे. पण तो त्या माउलीला "काढता येत नाही" एवढ्या तीन शब्दांत सांगून पुढच्या खाटेकडे जाणं मला जमलं नसतं. स्टूल ओढून तिला बसवलं. म्हटलं, "आई, आता त्याला त्रास नाही. नळी सकाळी काढतील." त्याचे डोळे मिटले, धुतलेली चादर छातीपर्यंत पांघरली आणि त्याचा हात बाहेर ठेवला, तिला धरता यावा म्हणून.

मग तिला पुढचं सांगितलं. पोलीस येतील, पंचनामा करतील, घाबरायचं नाही. सातबारा कुणाच्या नावावर आहे, विचारलं. तिच्याच होता. शेतकरी कुटुंबासाठी अपघाताची सानुग्रह अनुदान योजना आहे, गोपीनाथ मुंडेंच्या नावाची. फवारणीतली विषबाधा त्यात बसते, 2 लाख मिळू शकतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. एमएलसी नंबर केसपेपरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिला. पोराचा देह समोर असताना पैशाचं बोलू नये असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. पहाटेपर्यंत ती एकटीच होती आणि सकाळी दहा माणसं तिला दहा गोष्टी सांगणार होती.

हे चालू असताना नवीन सिस्टर ट्रॉलीशी तोंड फिरवून रडत होती. सीनियर लोक अशा वेळी म्हणतात, "सवय होईल." मलाही म्हणाले होते. हाताला सवय होते, व्हायलाच पाहिजे, नाहीतर अँप्युल फोडताना हात थरथरेल. पण मरणाने माया आटते हे मी मानत नाही. ती आटते मरणानंतर उसंत न मिळाल्याने. आयसीयूत एका पेशंटमागे एक सिस्टर असावी असा निकष आहे. त्या रात्री सगळ्या भरलेल्या खाटांना आम्ही दोघीच होतो आणि देह हलायच्या आत कॅज्युअल्टीतून फोन आला, बेड रिकामा झाला का? अशा वेळी माणूस आपोआप खाटेचा नंबर होतो.

मी फोनवर सांगितलं, पंधरा मिनिटं द्या. कॅज्युअल्टीतला पेशंट स्थिर होता, म्हणून सांगू शकले. तेवढ्या वेळात आईला बसू दिलं आणि नव्या सिस्टरला तिच्याजवळ उभं केलं. रडू नकोस असं तिला सांगितलं नाही.

सकाळी पुढच्या ड्युटीला ओव्हर देताना "चार नंबर एक्स्पायर" एवढंच म्हणून थांबले नाही. त्याचं नाव घेतलं, आई एकटी आहे, कागद तिच्याकडे दिलेत, पोस्टमॉर्टेमनंतर नळ्या काढल्याचं तिला कुणीतरी आठवणीने सांगा, असं सांगितलं. मॉर्निंगच्या सिस्टरने ते रजिस्टरमध्ये लिहून घेतलं. त्या पंधरा मिनिटांसाठी मी इनचार्ज सिस्टरांकडे लेखी मागणी केली आहे. इमर्जन्सी नसेल तेव्हा मृत्यूनंतर खाट तेवढा वेळ कुणी मागू नये, एवढीच. त्यांनी ती मेट्रनकडे, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांकडे पाठवली आहे. अजून उत्तर आलेलं नाही, मी दर मीटिंगला विचारते.