येलदरी, माजलगाव, धनेगाव: रोहिणीतलं पाणी आणि गळ

धरण आटलं की मासे दाटतात, मग नुसता गळ टाकायचा अवकाश, असं मे महिन्यात हमखास ऐकू येतं. दाटतात हे खरंय, पण दाटलेला मासा खाईलच याची खात्री कुणी देऊ नये. मे अखेरीच्या या फेरीत तिन्ही ठिकाणी तेच दिसलं. वाट जिंतूरवरून येलदरी, मग परभणी-पाथरीमार्गे माजलगाव आणि शेवटी केजच्या बाजूनं धनेगावचं मांजरा धरण. नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, मुद्दाम वगळला. ते 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं हौशी गळाचं काम नाही.

निघण्याआधी पेपरातला पाणीसाठा नीट वाचा. टक्केवारी असते ती उपयुक्त साठ्याची. शून्य टक्के छापून आलं तरी मांजरात 47 दलघमीच्या (दशलक्ष घनमीटर) आसपास मृतसाठा, म्हणजे दरवाजांच्या पातळीखालचं पाणी, धरलेला असतो (त्यातला किती गाळानं गिळलाय ते वेगळं). 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तसं वर्ष असेल तर मात्र गळ घरीच ठेवलेला बरा.

परवानगीचं आधी बघा. बहुतेक धरणांतली मासेमारी मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं असते. सकाळी होड्या जिथं माल उतरवतात तिथं जाऊन विचारायचं. भिंत, दरवाजे आणि सांडवा यांच्याजवळ कुणी हो म्हटलं तरी बसू नका.

आता वेळ. पहाटे पाचला काठावर बसायची सवय या दिवसांत उपयोगाची नाही. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. त्यात पाणी हिरवं असलं की रात्रभर शेवाळही तोच प्राणवायू ओढतं आणि सूर्य उगवण्याच्या सुमारास तो सगळ्यात कमी उरतो. रहू-कटला वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले म्हणजे ते श्वासाला आलेत, चाऱ्याला नाही. अशा वेळी संस्थेच्या माणसाला कळवा, मेलेले मासे उचलू नका. ऊन पडून तास-दीड तास झाला की मासा चाऱ्याला तोंड लावायला लागतो. साडेसात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढंच बसावं. दुपारनंतर बहुधा पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा लाटा आपटतात तो पूर्वेचा काठ धरा. शांत, तवंग आलेली खाडी दिसायला छान, पण रिकामी.

माजलगावात याहून चांगली जागा मिळू शकते. पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी या धरणात येतं. आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) चालू असेल तर कालवा जिथं पडतो त्याच्या खालच्या अंगाला, वाहतं आणि साचलेलं पाणी मिळतं त्या रेषेवर गळ टाका. आवर्तन कधी आहे ते पाटकऱ्याला, म्हणजे कालव्यावरच्या कर्मचाऱ्याला विचारलेलं बरं, नाहीतर कोरड्या तोंडाशी बसून राहाल.

येलदरीला वीजगृहाखालचा प्रवाह मोहात पाडतो. पण पाणी सोडलं की पातळी झपाट्यानं वाढते आणि मधल्या खडकावर बसलेला माणूस अडकतो. काठावरूनच, मागं मोकळी वाट ठेवून बसा.

चाऱ्यात बहुतेकांचं बिघडतं ते कणकेपायी. दोन वाट्या शेंगदाण्याची पेंड कोरडीच भाजून घ्या, त्यात एक वाटी तांदळाचा कोंडा आणि अर्धी वाटी कणीक, पाणी शिंपडत मळा. कणीक जास्त झाली तर गोळा रबरासारखा होतो, विरघळत नाही आणि वास पसरत नाही. कमी झाली तर फेकतानाच गळतो. बादलीत टाकून बघा: दहा मिनिटांनी कडा सुटायला हव्यात, अर्ध्या तासात गोळा विखरायला हवा. गरम पाण्यात तो लवकर फुटतो, म्हणून उरलेला चारा ओल्या फडक्यात, सावलीत ठेवा. गळ कटल्यासाठी बोयाखाली (दोरीवरच्या तरंगत्या खुणेखाली) तीन-चार फूट, रहूला मध्यावर, मृगळाला तळाशी. दोरी 0.35 मिमीची, पण गळाजवळचा हातभर तुकडा 0.28 चा घ्या. आटलेल्या पाण्यात बुडीत बाभळींची खोडं आणि जुन्या घरांचे पाये वर आलेले असतात. अडकलं तर बारीक तुकडाच तुटतो, शिसं आणि बोया हाती राहतात.

मरळाचं गणित वेगळं. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळे प्राणवायू कमी झाला तरी तिचं अडत नाही. धनेगावच्या वरच्या अंगाला, गवताळ उथळ पाण्यात भर दुपारीही ती लागू शकते. जिवंत बेडूक लावू नका, रबरी बेडूक पुरतो.

सगळ्यात जपायचं ते गाळाला. वरून भेगाळलेली काळी माती टणक वाटते, खाली मात्र लोणी. गाळपेरीची (उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली) रानं, जनावरांची पायवाट किंवा मुरमाड काठ, यांवरूनच पाण्याकडे जा. शेवटचे पंधरा फूट काठी खुपसत चला. कोपरभर आत गेली की तिथंच थांबा. रुतलात तर पाय उपसायची झटापट नको. मागं रेलून अंग पसरा, एकेक पाय हलवत सोडवा.

वळवाचे ढग दिसले की कार्बनची काठी आडवी ठेवून उघड्या पात्रातून लगेच बाहेर पडा. मोठी सर पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीही जाऊ नका. गढूळ पाण्यानं प्राणवायू आणखी पडतो. मृगात ओढे वाहू लागले की अंड्यावर आलेले मासे चढणीला लागतात, तेव्हा गळ गुंडाळून ठेवावा.

बर्फ माजलगाव शहरातूनच घेऊन निघा, किलोभर माशाला किलोभर. कल्ले आणि आतडी काठावरच काढा. नुसत्या ओल्या पोत्यावर भरवसा ठेवला तर मासा केजपर्यंतही टिकत नाही.