पाठमोरं गिधाड

पक्षी बघणाऱ्यांची मान कायम धरलेली असते. पक्षी वर, आपण खाली. घारी-गिधाडं तर आम्ही पोटाकडूनच ओळखायला शिकलो. त्यांना पाठही असते, हे इथिओपियाच्या सिमियन डोंगरात जाईपर्यंत मी कधी मनावरच घेतलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी वाटाड्या म्हणाला, "उद्या बारा वाजता निघू." भर दुपारी कुठला पक्षी दिसणार, म्हणून मी कपाळाला हात लावला. मग उलगडा झाला. तिथलं घड्याळ उजाडल्यावर सुरू होतं. आपले सकाळचे सहा म्हणजे त्यांचे बारा, सात म्हणजे एक. आपल्या पंचांगातही दिवस सूर्योदयालाच उगवतो की! घड्याळाशी तेवढं भांडण आपण सोडून दिलं, त्यांनी नाही.

तर बाराला निघालो. सोबत रायफल खांद्याला लावलेला म्हातारा रखवालदार. त्याच्याशिवाय उद्यानात हिंडू देत नाहीत. उंची ३००० मीटरच्या वर. दर वीस पावलांना मी थांबायचो आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून दुर्बीण डोळ्यांना लावायचो. म्हातारा समोर बघून हसायचा.

कड्यावर पालथा पडून खाली पाहिलं आणि वाटलं, अरे, हा तर आपला कोकणकडा! वाटणारच. दोन्हीकडे लाव्ह्याचेच थरावर थर. सह्याद्रीचे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, इथले ३ कोटींचे. म्हणजे आपला थोरला, हा धाकटा. फक्त उंचीत धाकट्याने पार मागे टाकलंय.

आणि त्या पोकळीतून, माझ्या हनुवटीच्या खालून, दाढीवालं गिधाड गेलं. आठ-नऊ फुटांचा पंखविस्तार, पंख न हलवता. पाठ शिसवी काळी-राखाडी, पिसापिसावर मधोमध बारीक पांढुरकी रेघ, शेपूट पाचरीसारखी. छातीचा तांबूस रंग लोहाच्या मातीत लोळून घेतलेला असतो. तो वरून दिसेना. पायात मात्र हाड दिसलं. हा पक्षी मुख्यतः हाडांवरच जगतो. मोठं हाड उंचावरून खडकावर टाकतो, फुटलं की तुकडे गिळतो.

त्याने ते सोडलं. खडकावर पडलेलं आधी दिसलं, 'टक्' मागाहून आलं. फुटलं नव्हतं. गिधाड घिरट्या घेत खाली उतरलं. एवढ्यात मागे काहीतरी खुडबुडलं. तिथला जाड चोचीचा, मानेवर पांढरा ठिपका असलेला डोमकावळा आमच्या पावाची पिशवी सोडवत होता. त्याला हाकलून वळेपर्यंत गिधाड हाड घेऊन वर चढलं होतं. कड्याच्या पातळीला आलं, डोक्यावरून गेलं, आणि माझी मान सवयीने मागे. तांबूस छाती, हनुवटीखाली काळी दाढी, सगळं अगदी ओळखीचं.

म्हातारा मात्र अजून खालीच बघत होता. मीही पुन्हा पालथा झालो.