खारपाणपट्ट्यातली यादी

अहवालाच्या शेवटच्या पानांवर यादी होती. प्रत्येक सभासद शेतकऱ्याचं नाव, त्यापुढे शंभरपैकी गुण, आणि गुणांच्या उतरत्या क्रमाने लावलेले क्रमांक. तळाच्या नावांना पुढच्या हंगामात खत-बियाण्याची उधारी कमी द्यावी, अशी शिफारस. त्याखाली आणखी एक निष्कर्ष होता: या भागातली कपाशीची उत्पादकता २०१७ च्या बोंडअळीनंतर कायमची खालावली आहे, म्हणून पिकातून बाहेर पडावं.

अहवाल एका सल्लागार संस्थेचा होता. तो मागवला होता मूर्तिजापूर-दर्यापूर भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने. मी अर्थमिती, म्हणजे आर्थिक आकड्यांचं संख्याशास्त्र, शिकवते आणि कार्यक्षमतेचं मोजमाप हा माझा अभ्यासाचा विषय आहे, म्हणून संचालकांनी फोन केला. "मॅडम, गणित बरोबर आहे का तेवढं पाहून द्या." गणित बरोबर होतं. आकडे कुठेही चुकले नव्हते. तरीही यादी गावात वाचून दाखवली तेव्हा इतका आरडाओरडा का झाला, हे समजून घ्यायला गावात जाणं भाग होतं.

आधी त्या गुणांबद्दल. १९५७ साली फॅरेल यांनी उत्पादक कार्यक्षमता मोजायची पद्धत मांडली. तेवढ्याच जमिनीत, तेवढ्याच मजुरी-खतात सगळ्यात जास्त पीक काढणारे जे असतील त्यांची एक सीमारेषा धरायची, आणि बाकीचे तिच्यापासून किती खाली आहेत ते मोजायचं. अडचण अशी की या हिशेबात खाली असण्याचं सगळं खापर माणसावर फुटतं. पेरणीनंतर पावसाने दडी मारली, रानडुकरांनी रात्रीत वावर खणून काढलं, सगळं त्याच्याच नावावर. १९७७ मध्ये एग्नर, लव्हेल आणि पीटर श्मिट यांनी, आणि त्याच वर्षी बेल्जियममध्ये म्यूसेन व फान डेन ब्रूक यांनी स्वतंत्रपणे, हा फरक दोन भागांत तोडला. एक भाग नशिबाचा, जो वरही जातो आणि खालीही. दुसरा भाग खरोखरच्या उणिवेचा, जो फक्त एकाच बाजूला, खाली जातो. १९८२ मध्ये श्मिट आणि सहकाऱ्यांनी एकेका उत्पादकासाठी हा दुसरा भाग किती असावा याचा अंदाज काढायचं सूत्र दिलं. अहवालातले गुण त्याच घराण्यातले होते. सूत्र देतं तो अंदाज असतो आणि त्याच्याभोवती मोठी अनिश्चितता असते. ती अनिश्चितता अहवालात छापलीच नव्हती. बेचाळीस गुण आणि सत्तेचाळीस गुण यांत बहुतेकदा काहीही फरक सांगता येत नाही, पण यादीत एकाचा क्रमांक वर लागतो आणि दुसऱ्याचा खाली.

हे सगळं शास्त्र आपल्या मातीला नवीन नाही, हे मला नेहमी अभिमानाने सांगावंसं वाटतं. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेने १९७५ पासून ज्या गावांचा वर्षानुवर्षं घरोघरी अभ्यास केला त्यांत अकोला जिल्ह्यातलं, मूर्तिजापूर तालुक्यातलं कानझरा होतं. कोएली आणि बॅटिस यांनी १९९६ साली भारतीय शेतकऱ्यांच्या अकार्यक्षमतेमागची कारणं शोधली ती तीन गावांच्या आकड्यांवर. तेलंगणातलं औरेपल्ली, सोलापूरचं शिरापूर आणि आपलं कानझरा. शेतकऱ्याचं वय, शिक्षण, जमिनीचा आकार आणि वर्ष यांचा उणिवेशी काय संबंध आहे, हे त्यांनी तपासलं. जगभरचे विद्यार्थी जी मॉडेलं शिकतात, त्यांतल्या एका शाखेची परीक्षा वऱ्हाडातल्या वावरात झालेली आहे.

गावात पोचले तेव्हा गोदामासमोर लोक जमलेच होते. सगळ्यांत पुढे एक आजी होत्या. नवरा गेल्यापासून शेत त्याच पाहतात. यादीत त्यांचं नाव अगदी तळाला.

"पोरी, माह्यं नाव खाली काहून हाये? माह्याइतकी मेहनत गावात कोन करते, इचार याइले."

कोणी काही बोललं नाही, म्हणजे आजींचं म्हणणं सगळ्यांना मान्य होतं. मी म्हटलं, "आजी, वावर दाखवता?"

वावर गावाच्या उत्तरेला, पूर्णेकडच्या अंगाला. धुऱ्यावरून चालताना बाजूच्या शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागत होती, मग एक नाला आला आणि नाल्यापलीकडे ती गुडघ्याइतकी झाली. जमीन दिसायला तशीच काळी, पण पाऊस उलटून दिवस झाले तरी सऱ्यांमध्ये पाणी साचलेलं, मुरायचं नाव नाही. मातीचं ढेकूळ हातात घेतलं तर वरून सुकलेलं, दगडासारखं कडक, आणि आत लगदा. आजींनी विहिरीतून बादली ओढली आणि ओंजळभर पाणी माझ्यापुढे धरलं.

"हे पिऊन पाय. याच्यात डाय शिजत नाई. याच्यावर पऱ्हाटी कशी जगन?"

पाणी खारट होतं, घशाखाली उतरेना. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. मातीत सोडियम जास्त, निचरा नाही, भूजल खारं. म्हणून विहीर असूनही ओलिताला उपयोग नाही. सगळा भार पावसावर. आणि हा पट्टा सरळ रेघ मारून संपत नाही. एकाच गावात एका नाल्याच्या अलीकडे विहीर गोडी, पलीकडे खारी.

परत येऊन मी यादी हातात घेतली आणि संचालकांना प्रत्येक नावापुढे शेत कुठल्या अंगाला आहे तेवढं लिहायला सांगितलं. पंधरा मिनिटांत गोदाम शांत झालं. तळाच्या नावांपैकी जवळजवळ सगळी नाल्यापलीकडची होती.

मला वाटतं, या प्रकरणातली खरी गोष्ट इथे आहे. अहवालात एका हंगामाचे नव्हे, काही वर्षांचे आकडे होते, आणि ही चांगली बाब मानली जाते. १९८४ मध्ये श्मिट आणि सिकल्स यांनी दाखवलं की त्याच शेतकऱ्याला वर्षानुवर्षं पाहिलं तर नशीब आणि उणीव वेगळं करणं सोपं होतं: पाऊस दरवर्षी वेगळा, माणूस तोच, म्हणून जे दरवर्षी टिकून राहतं ते माणसाचं. पण दरवर्षी टिकून राहणाऱ्या गोष्टींत माणूस एकटा नसतो. माती टिकते. विहिरीचं खारं पाणी टिकतं. त्या पद्धतीत आजींच्या जमिनीतलं मीठ आजींची उणीव म्हणून मोजलं गेलं, आणि आकडे जितक्या अधिक वर्षांचे तितकं ते अधिक ठामपणे. पुढे २००५ मध्ये विल्यम ग्रीन यांनी नेमका हाच मुद्दा धरून टिकाऊ वेगळेपण आणि खरी उणीव निराळी मोजणारं मॉडेल मांडलं. म्हणजे उपाय उपलब्ध होता. तो वापरायचा की नाही हे ठरवायला नाला पाहिलेला असावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

त्याहून मला लागलं ते हे की माहिती गावातच होती. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका योजना आली, तिच्यात बारा निकषांवर माती तपासतात, आणि सामू (पीएच) आणि क्षारता हे त्यांतले दोन. आजींची पत्रिका ट्रंकेत साडीच्या घडीखाली होती. बऱ्याच जणांकडे निघाल्या. कंपनीतल्या दोन पोरांनी त्या संध्याकाळपर्यंत मोबाइलवर फोटो काढून माझ्याकडे दिल्या.

दुसऱ्या निष्कर्षाचं काय? बोंडअळीचा फटका कायमचा बसला, असं म्हणण्यामागे डिकी-फुलर कसोटी होती. १९७९ पासून चालत आलेली ही कसोटी असं गृहीत धरून सुरू होते की मालिकेत, म्हणजे वर्षावर्षाच्या आकड्यांच्या ओळीत, युनिट रूट आहे, म्हणजे बसलेला धक्का विरत नाही, पुढच्या प्रत्येक वर्षात तसाच वाहत राहतो. पुरेसा पुरावा मिळाला तरच ती हे गृहीतक नाकारते. तालुक्याच्या आकड्यांवर तिने नाकारलं नाही. आणि अहवालाने लिहिलं: कायमचं. पण वर्षं थोडी असली की ही कसोटी दुबळी असते. न नाकारणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. १९९२ साली क्विआटकोव्स्की, फिलिप्स, श्मिट आणि शिन यांनी, चौघांच्या आद्याक्षरांवरून के.पी.एस.एस. म्हणतात ती कसोटी काढली, तेव्हा त्यांनी पुराव्याचं ओझं उलट बाजूला ठेवलं. आधी माना की मालिका आपल्या मार्गावर परत येते, मग बघा पुरावा तिला खोटं पाडतो का. त्यासाठी मार्गापासूनची वर्षावर्षाची तफावत ओळीने जमा करत जातात. मालिका खरंच परतणारी असेल तर ती बेरीज फार दूर भरकटत नाही. त्यांनी अमेरिकेच्या ज्या प्रसिद्ध मालिकांवर ही कसोटी लावली त्यांतल्या अनेकांबाबत परतण्याचं गृहीतक नाकारता आलं नाही. मी लॅपटॉपवर तालुक्याच्या मालिकेला ही दुसरी कसोटी लावली. तिनेही नाकारलं नाही. दोन उलट कसोट्या, दोन्ही गप्प. याचा अर्थ एवढाच की आकडे इतके थोडे आहेत की ते कुठल्याच बाजूने बोलत नाहीत. शिवाय मालिकेची पातळीच एकदा बदलून टाकणारा मोठा धक्का हिशेबात वेगळा धरला नाही तर परतणारी मालिकाही न परतणारी भासते, हे पेरॉन यांनी १९८९ मध्येच दाखवलेलं आहे.

आजींकडे शाळेची दुरेघी वही होती. दर वर्षी पहिला पाऊस कधी, टोबणी (सरकीची पेरणी) कधी, कापूस किती निघाला. एका पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"त्या वर्सी सारंच गेलं. मंग पुढच्या वर्सी आलं ना थोडं? मंग कायमचं गेलं असं कसं म्हंतेत हे?"

एका वहीवरून कसोटी चालवता येत नाही आणि मी चालवली नाही. पण आजींचा प्रश्न अगदी नेमका तोच होता जो त्या चौघांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकात विचारला आहे: आर्थिक मालिकांना युनिट रूट असतंच, याची आपल्याला कितपत खात्री आहे?

नंतर मी सामू आणि क्षारता सीमारेषेतच घालून सगळं पुन्हा काढलं. नाल्यापलीकडच्यांचे गुण वर आले, काहींचे बरेच. गोड्या पाण्याच्या अंगाचे दोन-तीन जण खाली सरकले. त्यांचं पीक चांगलं होतं, पण त्यांच्या जमिनीत आणि ओलितात ते याहून चांगलं यायला हवं होतं. हे त्यांना सांगणं अवघड गेलं, पण ते सांगायलाच हवं होतं.

आजी मध्यावर आल्या, वर नाही. त्यांच्या हिशेबात मीठ बाजूला काढल्यावरही काहीतरी उरत होतं, आणि वहीतल्या तारखा लावून पाहिल्यावर ते दिसलं. त्यांची टोबणी बहुतेक वर्षं शेजाऱ्यांच्या मागून. ओलित नसलेल्या जमिनीत उशिराच्या पेरणीची भरपाई होत नाही. मी ते सरळ सांगितलं. त्यांना राग आला नाही.

"ते मले ठाऊक हाये. पैसे हाती आल्यावर पेरते मानूस. ते का माह्या हातात हाये?"

ही उणीव कोणाची, शेतकऱ्याची की उशिरा मिळणाऱ्या पैशाची, हे माझं मॉडेल सांगत नाही. टोबणीची तारीख आणि उधारी मिळाल्याची तारीख दोन्ही नोंदवल्या तर ते शोधता येईल. त्या बैठकीत संचालकांनी दोन गोष्टी लिहून घेतल्या. उधारीला गुणांची अट राहणार नाही, आणि नाल्यापलीकडच्या सभासदांना बियाणं-खताचे पैसे मृग लागायच्या आत मिळतील. तारखांची नोंद ठेवायचं काम त्या दोन पोरांकडे आहे, आणि तिचा नमुना त्यांनी आजींच्या वहीवरूनच आखला आहे.