चांगलं असतं तर टिकलं नसतं का?

परवा जेवताना तुम्ही विचारलंत आणि मी घाईत नुसतं "नाही" म्हणून मोकळी झाले. पण हा प्रश्न मला पुण्याला आले की नातेवाईक विचारतात आणि लंडनमध्ये वाद्यवृंदात वाजवणारी माणसंही विचारतात, म्हणून एकदा नीट उत्तर देते. माझं काम असं, की एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये लिहिलेल्या आणि नंतर कुणीच न वाजवलेल्या पियानो कॉन्चेर्तोंची हस्तलिखितं वाचायची आणि त्यांच्यावरून आजच्या वादकांना वाजवता येईल अशी प्रत तयार करायची. मग तिचं रेकॉर्डिंग होतं. हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण हे संगीत खरंच चांगलं असतं तर ते आपोआप टिकलं नसतं का?"

आपल्याकडे बंदिश टिकायला एक गळा पुरतो. कॉन्चेर्तोचं तसं नाही. एक पियानोवादक आणि त्याच्यासमोर तीस-चाळीस जणांचा वाद्यवृंद, आणि त्यातल्या प्रत्येकासमोर फक्त स्वतःची ओळ असलेला कागद. त्याला पार्ट म्हणतात. हे पार्ट नसले तर रचना कितीही सुंदर असो, ती मुकी. आणि सगळे पार्ट छापणं तेव्हा फार महाग होतं. शिवाय कॉन्चेर्तो लिहिणारा बहुतेक वेळा स्वतःच पियानोवर बसायचा. नवा कॉन्चेर्तो ही त्याची रोजीरोटी. तो छापून दुसऱ्यांच्या हाती कशाला द्यायचा? माणूस गेला की कागद पेटीत जायचे, पेटी ग्रंथालयात. यात कुठेही कुणी रचना ऐकून नापसंत केलेली नाही, हे माझं पहिलं म्हणणं.

सिप्रियानी पॉटरचंच घ्या. जन्म 1792, लंडन. पंचविशीत तो व्हिएन्नाला गेला आणि बेथोव्हेनला भेटला. बेथोव्हेनने त्याच्या स्वरलेखनावर नजर टाकली, आणि पियानो असलेल्या खोलीत बसून रचना करू नकोस, हात वाद्याकडे जाईल, असं सांगितलं. पुढे बेथोव्हेनचे तिसरा आणि चौथा कॉन्चेर्तो लंडनला पहिल्यांदा ऐकवले ते याच पॉटरने. 1832 पासून 1859 पर्यंत तो लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या संगीतशाळेचा प्राचार्य होता. असा माणूस 1832 मध्ये डी मायनर या स्वरपट्टीतला आणि 1835 मध्ये ई मेजरमधला कॉन्चेर्तो लिहितो, आणि ते त्याच्या हयातीत छापलेच जात नाहीत. 2017 मध्ये पियानोवादक हॉवर्ड शेली आणि टास्मानियन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांचं रेकॉर्डिंग आलं, तेव्हा घरबसल्या ते कुणालाही ऐकता आले. मधली सुमारे 180 वर्षं त्यांना नापास करणारे कान कुठे होते?

पॉटरचा शिष्य विल्यम स्टर्नडेल बेनेट. इथे मात्र माझं उत्तर थोडं अवघड होतं, कारण बेनेटचे बहुतेक कॉन्चेर्तो छापले गेले होते. पहिला त्याने सोळाव्या वर्षी, 1832 मध्ये लिहिला. तो ऐकून जर्मन संगीतकार मेंडेल्सोनने त्याला जर्मनीत बोलावलं, शिष्य म्हणून नव्हे, मित्र म्हणून. दुसरा मोठा जर्मन संगीतकार शूमान, त्याने आपल्या 'सिंफनिक एट्यूड्स' या पियानोच्या रचना त्याला अर्पण केल्या. 1837 च्या जानेवारीत जर्मनीतल्या लाइपझिगच्या गेवांडहाउस या सभागृहात बेनेटने स्वतः आपला तिसरा कॉन्चेर्तो वाजवला. एवढं सगळं वीस-एकवीस वर्षांच्या वयात. नंतर तो शिकवण्यांत बुडाला, केंब्रिजला प्राध्यापक झाला, अकॅडमीचा प्राचार्य झाला, बाखच्या संगीतासाठी झटला. रचना कमी होत गेल्या. तो 1875 मध्ये गेला आणि त्यानंतरच्या पिढीने असं ठरवून टाकलं की इंग्लंडचं खरं संगीत आपल्यापासूनच सुरू झालं, आधी सगळं वाळवंट होतं. हे वाक्य इतक्या वेळा लिहिलं गेलं की वाळवंटात काय उगवलं होतं ते बघायला कुणी गेलंच नाही. बेनेटच्या चौथ्या कॉन्चेर्तोतला मधला भाग, बार्कारोल म्हणजे नावाड्याच्या गाण्याच्या चालीचा, तुम्ही एकदा ऐका. एवढंच मागते.

आणि बेनेटचा शिष्य फ्रान्सिस एडवर्ड बेच. मला या कामात ओढलं ते याने. बर्मिंगहॅमचा मुलगा, क्षयाने 1858 मध्ये गेला, पंचविशी गाठायला काही दिवस बाकी असताना. त्याचा ई मेजरमधला कॉन्चेर्तो 2007 मध्ये बेनेटच्या चौथ्यासोबत एकाच डिस्कवर आला. मी तेव्हा नुकतीच इंग्लंडला आले होते आणि ती डिस्क ग्रंथालयातून आणली होती बेनेटसाठी. बेच लागला आणि मी भांडी घासायची थांबले. त्यात अतिशय मोठं असं काही नाही, हेही कबूल करते. पण एक तरुण माणूस आपल्याला काय काय जमतं ते आनंदाने दाखवतो आहे, आणि पुढे दुसरा कॉन्चेर्तो नाही. पॉटर, बेनेट, बेच: तीन पिढ्यांची ही गुरुशिष्य परंपरा आपल्या लोकांना समजावून सांगावी लागू नये.

सगळंच वाचवण्यासारखं असतं का? नाही. काही हस्तलिखितांत पानंच्या पानं नुसत्या सरगमी धावतात, बोटं दाखवण्यासाठी. पण ते वाजवल्यानंतरच म्हणता येतं.

आणि कागद थांबत नाहीत. इंग्लिश संगीतकार आर्थर सलिव्हनचा चेलो कॉन्चेर्तो (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जाचं वाद्य) 1866 चा. 1964 मध्ये चॅपेल या प्रकाशकांकडे आग लागली आणि त्याची मूळ प्रत आणि पार्ट जळून गेले. वाद्यवृंदाचे संचालक चार्ल्स मॅकरस यांनी 1953 मध्ये तो एकदा संचालित केला होता. त्यांची आठवण आणि वाचलेला एकल चेलोचा पार्ट यांच्या आधाराने त्यांनी आणि डेव्हिड मॅकी यांनी 1986 मध्ये तो पुन्हा उभा केला. एका माणसाच्या आठवणीवर उरलेलं संगीत! हे आठवलं की मला कुठलंही हस्तलिखित "पुढच्या वर्षी बघू" म्हणवत नाही.

प्रत्यक्ष काम तसं संथ असतं. लिहिणारा घाईत, त्यामुळे बासून या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या ओळीत नुसतं "चेलोप्रमाणे" असं लिहिलेलं. पियानोच्या डाव्या हाताची जागा कधी कधी रिकामीच, कारण वाजवणार तो स्वतः. हॉर्न या पितळी वाद्याची ओळ मध्येच तुटलेली दिसते. ती चूक नसते, त्या काळच्या हॉर्नवर तो सूर नीट निघतच नसे, म्हणून मी ती जागा भरत नाही. जुने पार्ट मिळाले तर मी आधी पेन्सिलच्या खुणा शोधते. खुणा म्हणजे कुणीतरी वाजवलं होतं. पुष्कळदा पार्ट अगदी कोरे असतात, आणि तसे कोरे पार्ट हातात घेतले की वाईट वाटतं.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका कोऱ्या संचावर काम झालं. रेकॉर्डिंग अजून जाहीर झालेलं नाही, म्हणून नाव सांगत नाही. संथ भागात मूळ सूर परत येण्याआधी चेलोंचा एफ हा एक सूर आहे. संगीतकाराच्या प्रतीत त्याच्यापुढे काही नाही. नक्कल करणाऱ्याने पार्टमध्ये शार्पची, म्हणजे सूर अर्ध्याने चढवायची, खूण घातली आहे. त्याला सांगितलं होतं, की त्यानेच सुधारलं? संपादकांनी आणि मी तीन आठवडे यावर पत्रव्यवहार केला. शेवटी सूर साधाच ठेवला आणि शार्प वर बारीक छापला. तीन तासांच्या सत्रात संचालकांनी दोन्ही वाजवून बघितले. शार्प लावला की वाट आधीच कळते. साधा एफ ठेवला की क्षणभर आपण कुठे आहोत ते कळत नाही, आणि मग मूळ सूर येतो. वादकांपैकी कुणीतरी "आहा" म्हणालं. साधा एफ राहिला.

पार्ट परत आले तेव्हा मी ते चाळले. शेवटच्या रांगेतल्या कुणा चेलोवादकाने त्या एफवर पेन्सिलने छोटासा चष्मा काढला होता. वादकांची ही नेहमीची खूण: इथे नीट बघ. त्या रचनेच्या कुठल्याही पार्टवरची मला दिसलेली ती पहिली खूण. मी ती खोडली नाही.