तुम्ही विचारलंत म्हणून: बीटा किती टक्के?

पीव्हीडीएफ म्हणजे दाबलं की वीज देऊ शकणारं प्लास्टिक. त्याची पातळ फिल्म मी बनवते, आणि त्याच्या स्फटिकांच्या अल्फा, बीटा, गामा अशा रचनांपैकी वीज देण्यासाठी बीटाच सगळ्यात उपयोगी. म्हणून फिल्म दाखवली की पहिला प्रश्न हाच. पोस्टरसमोर हाच, मेलमध्ये हाच, परवा तर एकाने फोनवर नमस्कार व्हायच्या आधीच विचारलं, "तुमच्या पीव्हीडीएफमध्ये बीटा किती टक्के?" चिडते मी, मान्य. पण का चिडते ते एकदा सांगूनच टाकते.

आकडा काढणं अवघड नाहीये हो. एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट) काढायचा, ७६६ (अल्फा) आणि ८४० (बीटा) प्रति सेंटीमीटरचे पीक मोजायचे, ग्रेगोरिओ-चेस्तारींच्या १९९४ च्या सूत्रात टाकायचे, अल्फाला त्यातला १.२६ चा गुणक लावायचा, झालं. माझा ८८ टक्के आला होता. मी तो पहिल्याच स्लाइडवर घातला, जाड अक्षरात, वर्षभर मिरवला.

मग प्री-सबमिशनचं सेमिनार. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शांतपणे बसलेल्या, एक शब्द नाही, आणि शेवटी म्हणाल्या, "तो १२३४ चा खांदा कसला?" मी म्हणाले, बेसलाइन असेल. खरं तर मला तो महिनाभर आधीच दिसला होता, आणि १२३४ ही गामाची खूण. ८४० बीटातही येतो आणि गामातही, दोन्हींच्या साखळीत लांब ट्रान्स, म्हणजे सरळ, तुकडे आहेत म्हणून, हे मला पाठ होतं. आणि सूत्र धरून चालतं की अल्फा आणि बीटा सोडून तिसरं कुणी नाहीच, म्हणजे अल्फा कमी झाला की गामाही गुपचूप बीटाच्या खात्यात जमा. पाठ असूनही मी गप्प बसले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मी डेमो आणला होता ना! फिल्म, दोन्ही बाजूंना कॉपर टेप, बोटाने टॅप केलं की स्कोपवर (व्होल्टेज दाखवणाऱ्या पडद्यावर) छान स्पाइक. बाईंनी विचारलं, "पोलिंग कसं केलंत?" पोलिंग म्हणजे जोरदार विद्युत क्षेत्र लावून रेणूंतले डायपोल, म्हणजे धन-ऋण टोकांच्या जोड्या, एका दिशेला वळवणं. मी अभिमानाने म्हणाले, केलंच नाही मॅडम, डीएमएफ या द्रावकातून ६० अंशांना कास्ट केली, बीटा आपोआप आला. त्या म्हणाल्या, "वितळवून हळू थंड केलेली फिल्म आहे का?" होती, कंट्रोल म्हणून ठेवलेली, अगदी निखळ अल्फा, शेजारच्या साखळ्यांचे डायपोल एकमेकांना खोडणारे. तीच टेप, तेच बोट. स्पाइक तेवढाच. एकदा तर थोडा जास्तच आला. त्यांनी मग पारदर्शक फाइलचं कव्हर मागितलं, तेही लावलं, तेही बोललं!

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. वर्षभर मी टेप आणि फिल्मच्या फटीत घासून तयार होणारा चार्ज मोजत होते. बीटाचे स्फटिक असतीलही, पण त्यांचे डायपोल दहा दिशांना तोंडं करून बसलेले, मग एकूण बेरीज शून्यच होणार ना.

तेव्हाची मी इथे लगेच म्हणेल, सगळेच तर असं करतात, माझ्याच मानेवर का सुरी? हो बाई, करतात. पण पोलिंग का टाळलंस? कारण पन्नास-शंभर मेगाव्होल्ट प्रति मीटरला सच्छिद्र फिल्म फाडकन फुटायची आणि तुला घाई होती. घाई होती हेही खोटं नाही, फेलोशिप संपत आली होती, त्याचं मी आजही समर्थन करते. अर्धंच.

नंतर ८० अंशांना चौपट ताणलेली फिल्म घेतली, पोल केली, डी३३ (दाबामागे किती चार्ज मिळतो तो आकडा) मोजला तर मायनस १८ पिकोकूलंब प्रति न्यूटन. मायनस बघून आधी वायर उलट्या लावल्या की काय म्हणून दोनदा तपासलं. नव्हत्या, पीव्हीडीएफचा उणेच असतो. यावेळी अल्फाची फिल्म आणि फाइलचं कव्हरही डी३३ मोजणाऱ्या यंत्राच्या त्याच जबड्यात धरलं, दोन्ही गप्प बसले. इतका आनंद ८८ ला झाला नव्हता.

म्हणून तुम्ही टक्के विचारता तेव्हा मी उलट विचारते, कशाचे टक्के? तो आकडा फक्त स्फटिकांपुरता, आणि निम्म्याच्या आसपास माल तर अमॉर्फसच (बिनस्फटिकी) असतो. पोलिंग किती फील्डला, ताणलं का, ते कुणी विचारत नाही. एक्सआरडी (क्ष-किरणांचा नमुना) काढा म्हणता, तर गामाचा मुख्य पीक २०.०४ अंशांना आणि बीटाचा २०.२६ ला, रुंद पीक असले की करा वेगळे! मी एफटीआयआरमधले १२७५ (बीटा) आणि १२३४ (गामा) फिट करून बघते, बेसलाइन जरा हलवली की उत्तर पाच-सात टक्क्यांनी हलतं.

आणि तरी, आता हसा हवं तर, गेल्या महिन्यात पाठवलेल्या पेपरच्या अॅबस्ट्रॅक्टमध्ये बीटाचे टक्के आहेत. रिव्ह्यूअरने मागितले, मी दिले. कंसात 'गामासकट' असं लिहिलंय, पण तो कंस कुणी वाचेल असं वाटत नाही.