तुम्ही विचारलंत म्हणून: केसांच्या गोळ्या घ्याव्यात का?

"ताई, या केसांच्या गोळ्यांनी खरंच काही होतं का हो?" माझं अकोल्यात मेडिकल आहे आणि हा प्रश्न घेऊन कोणी आलं नाही असा आठवडा जात नाही. बरेच जण दुकान रिकामं व्हायची वाट बघत बाजूला उभे राहतात, मग हळूच मोबाइल पुढे करतात, त्यात कुठल्यातरी जाहिरातीतलं किट असतं, गोळ्या, सीरम, तेल, शाम्पू सगळं एकत्र. गर्दीत दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

माझं म्हणणं एवढंच की केस का गळतायत हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. काही औषधं चांगली काम करतात, पण ती ठराविक गळतीवरच. आणि सगळ्यात जास्त खपणारी जी गोळी आहे, बायोटिनची, म्हणजे बी गटातल्या एका व्हिटॅमिनची, ती बहुतेकांना लागतच नाही.

आता जरा नीट बघा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, रोज पन्नास ते शंभर गळतात, तेवढे गळणं नॉर्मल आहे. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता मुळाशी बसून राहतो आणि गळतो. मोठा ताप आला, डेंग्यू झाला, टायफॉइड झाला, ऑपरेशन झालं, बाळंतपण झालं, किंवा उपाशी राहून झटपट वजन उतरवलं, की खूप सारे केस एकदम या बसून राहण्याच्या अवस्थेत जातात, आणि गळतात कधी तर दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा माणूस तो ताप विसरूनही गेलेला असतो. म्हणून पावसाळ्यात डेंग्यूची साथ येऊन गेली की दिवाळीच्या सुमाराला माझ्याकडे रांग लागते, कंगव्यात मूठभर गुंतवळ येतंय म्हणून बायका रडकुंडीला येतात, आणि मी विचारलं की मध्यंतरी ताप आला होता का, तर आधी नाही म्हणतात आणि मग सोबतची मुलगी आठवण करून देते. आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणतात ना, बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, ते निरीक्षण अगदी बरोबर आहे, बाळ साधारण तीन महिन्यांचं झालं की हे सुरू होतं.

ही गळती बहुतेक वेळा आपोआप थांबते. सहा महिन्यांच्या आसपास गळणं कमी होतं आणि नवीन बारीक केस कपाळाशी उभे राहिलेले दिसतात. पण आपण गोळी कधी सुरू करतो? गळती ऐन जोरात असताना. मग तीन महिन्यांनी ती थांबते आणि श्रेय गोळीला जातं, तेलाला जातं, कांद्याच्या रसाला जातं. तुमची जाऊबाई "मला तर फरक पडला" असं सांगते तेव्हा ती खोटं बोलत नसते, तिचे केस खरंच आले, फक्त ते गोळीशिवायही आले असते.

मग गोळ्या कोणाला लागतात? ज्यांच्या शरीरात खरंच कमी आहे त्यांना. आपल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त लोह कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एवढ्या टेस्ट आधी करा, शाकाहारी असाल तर बी-१२ पण. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएसचं, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाचंही बघावं लागतं. फेरिटिन कमी निघालं तर डॉक्टर लोहाची गोळी देतील, ती स्वस्त असते, पण चहासोबत घेऊ नका, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. हे मी प्रत्येक वेळी सांगते, कारण दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेणारे खूप आहेत.

बायोटिनचं सांगते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि तेवढं अंडी, दाणे, डाळी यांतून मिळून जातं. बाजारातल्या गोळीवर किती लिहिलेलं असतं? १०,००० मायक्रोग्रॅम! खऱ्या कमतरतेचे लोक फार थोडे. जास्तीचं लघवीतून जातं म्हणून निरुपद्रवी आहे असं सगळे समजतात, पण रक्ताच्या काही टेस्ट त्याने चुकतात. थायरॉइडचा रिपोर्ट असा येऊ शकतो की जणू थायरॉइड वाढलाय, आणि हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिनची टेस्ट खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, त्यात एका मृत्यूचाही उल्लेख होता. तर घेत असाल तर निदान लॅबवाल्याला आणि डॉक्टरला सांगा, टेस्टच्या आधी किती दिवस बंद करायची ते विचारा.

आणि एखादं पोषकद्रव्य शरीरात जास्त गेलं तर काय बिघडतं, हे आमच्या भागाला कोणी सांगायची गरज नाही. डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस नुसता हात लावला तरी हातात येत होते, काही दिवसांत टक्कल, बायका-पोरं सगळ्यांना. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर, टक्कल व्हायरस म्हणून बातम्या, आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची टीम आली. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्राला माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या केल्या तेव्हा लोकांच्या शरीरात सेलेनियम नावाचं खनिज खूप वाढलेलं निघालं, आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. ज्या लोकांवर हे आलं त्यांची फार वाईट अवस्था होती, लोक त्यांच्याशी बोलायला घाबरत होते. हे सेलेनियम थोडं लागतं, जास्त झालं की केस घालवतं, व्हिटॅमिन ए पण तसंच. आता केसांच्या मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच गोळ्यांत हे दोन्ही असतात. एका गोळीतलं प्रमाण थोडं असतं हे खरं, पण दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या आणि वर प्रोटीन पावडर एकदम घेणारी पोरं मी बघते, आणि मला काळजी वाटते.

आता दुसरी गळती, जी आपोआप थांबत नाही. पुरुषांमध्ये कपाळ मागे सरकतं, टाळूवर विरळ होतं. बायकांमध्ये भांग रुंद होत जातो. हे आनुवंशिक असतं, आईकडून येऊ शकतं तसं वडिलांकडूनही. इथे हार्मोनमुळे केसाचं मूळच बारीक बारीक होत जातं. यावर बायोटिन, कांदा, महागडा शाम्पू यांचा उपयोग नाही, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याच लोकांची, कारण चोवीस-पंचवीसचा मुलगा चार वर्षं तेलं बदलत बसतो आणि तेवढ्यात जे वाचवता आलं असतं ते जातं.

इथे मिनॉक्सिडिल काम करतं. हे मुळात ब्लडप्रेशरचं औषध, घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्याला लावायचं औषध झालं, १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढते, घाबरून तिथेच सोडू नका, चार ते सहा महिने दिल्याशिवाय काही कळत नाही. फरक पडला तर चालूच ठेवावं लागतं, सोडलं की काही महिन्यांत मिळवलेले केस जातात. सगळ्यांना फरक पडतोच असं नाही. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर नको. घरात मांजर असेल तर फार जपा, त्यांना हे विषारी आहे, चाटलं तरी जीव जाऊ शकतो.

फिनास्टेराइड ही पुरुषांसाठीची गोळी, १९९७ पासून टकलासाठी वापरतात, असर चांगला आहे, पण चिठ्ठीशिवाय मी देत नाही. थोड्या जणांना लैंगिक तक्रारी येतात, काहींचं मन खचतं, आत्महत्येचे विचार येऊ शकतात असा धोकाही नोंदलेला आहे, तेव्हा आधी डिप्रेशन झालेलं असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. गरोदर बाईने तुटलेल्या गोळीला हातसुद्धा लावायचा नाही, पोटातल्या मुलग्याला धोका असतो.

तेल लावा, मला स्वतःला खोबरेल तेल आवडतं, त्याने केस तुटायचे कमी होतात, पण त्याने मुळातून नवीन केस उगवत नाहीत. डी. फार्मला आम्हाला शेड्यूल जे शिकवतात, ज्या आजारांवर औषध असल्याचा दावा करायला कायद्याने बंदी आहे त्यांची ती यादी, आणि तिच्यात टक्कल आहे, नवीन केस उगवणंही आहे. जाहिरातीत "शंभर टक्के गॅरंटी" दिसली की मला ती यादी आठवते.

चाई पडली असेल, म्हणजे नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा, तर ते वेगळंच, त्यावर लसूण चोळून कातडी भाजून घेऊ नका. लहान चट्टा कित्येकदा आपला आपण भरतो, नाही भरला तर डॉक्टर तिथेच इंजेक्शन देतात. पीआरपीबद्दल, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून डोक्यात टोचतात त्याबद्दल, विचाराल तर काहींना फायदा होतो, पण प्रत्येक क्लिनिकची पद्धत वेगळी आणि खर्च मोठा. ट्रान्सप्लांट मागचे केस पुढे आणतं, उरलेल्यांची गळती थांबवत नाही, आणि ते करणारा त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, सुई कोण धरणार, हे तोंडावर विचारा.

दोन महिन्यांवर लग्न आहे, तोवर दाट करा म्हणणाऱ्यांना मी काहीच विकत नाही, केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. त्यापेक्षा स्किनच्या डॉक्टरकडे जा. जाताना गेल्या सहा महिन्यांत कुठला ताप, कुठलं आजारपण, कुठलं डाएट झालं ते आठवून लिहा, घरात कोणाकोणाला टक्कल आहे ते लिहा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, जिमवाल्याने दिलेली पावडरसुद्धा.