हरिश्चंद्रगड : पोलरायझर दुकानातच तपासून घ्या

ऑक्टोबरात खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड केला. वाट तुम्हाला माहीत असेलच. खिंडीवरच्या कातळटप्प्याला रेलिंग आहे, पण दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून कॅमेरा सॅकमध्ये टाका. मला लिहायचंय ते पोलरायझर फिल्टरबद्दल, म्हणजे आभाळ गडद करणाऱ्या आणि पाण्यावरची चमक घालवणाऱ्या, लेन्सपुढे लावून फिरवायच्या काचेबद्दल. त्यापायी दीड दिवस नुसता मनस्ताप झाला.

निघायच्या आदल्या दिवशी ७७ मिमी व्यासाचा 'सर्क्युलर' प्रकारचा पोलरायझर २,८०० रुपयांना घेतला. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त लावून ठेवा, काढायची गरजच नाही." दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या.

खिंडीतच ऑटोफोकस पुढे-मागे भरकटायला लागला. एक फोटो काळवंडलेला, दुसरा पांढराफटक. फिल्टर सर्क्युलर नव्हताच, लिनियर या दुसऱ्या प्रकारचा होता. डीएसएलआर कॅमेऱ्यामधला आरसा थोडा प्रकाश मीटरकडे (उजेड मोजणाऱ्या भागाकडे) आणि फोकसकडे वळवतो, लिनियरमुळे तिथेच गडबड होते. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्याला लिनियर चालतो. डीएसएलआर असेल तर सर्क्युलरच घ्या, आणि पैसे देण्याआधी आरसा मागा. फिल्टर डोळ्यासमोर धरायचा आणि त्याच्यातूनच आरशातला तोच फिल्टर बघायचा, एकदा सरळ, एकदा उलटा. एका बाजूने तो काळा दिसला तर सर्क्युलर. दोन्हीकडून सारखाच दिसला तर परत करा. मी हे घरी आल्यावर केलं, आणि तोवर दुकानदार ओळख दाखवायला तयार नव्हता.

आता कोकणकडा. इथे महागातला फिल्टर असता तरी फसलोच असतो. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य बरोब्बर पाठीशी, संध्याकाळी बरोब्बर समोर, आणि या दोन्ही दिशांना पोलरायझर आभाळावर काहीही करत नाही. वर दीड-दोन स्टॉप प्रकाश (एक स्टॉप म्हणजे निम्मा) मात्र खातो. सूर्यास्ताला मी फिल्टरची रिंग फिरवत बसलो आणि चांगला उजेड हातचा गेला. आभाळ गडद होतं ते सूर्यापासून काटकोनात. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा ताठ करा आणि मनगट फिरवा, अंगठा जिथे-जिथे जाईल तिथे परिणाम सगळ्यात जास्त. म्हणजे कड्याच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे रोखा, सूर्य खांद्याच्या बाजूला येतो. तिथेही १६ मिमीसारख्या फार वाइड (रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सवर जाऊ नका, आभाळात मधोमध निळा-काळा डाग पडतो. २८-३५ मिमी ठीक.

दुसऱ्या दिवशी पुष्करणीवर मात्र जीव सुखावला. मॅन्युअल फोकस लावला, पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३५-४० अंशांत तिरपं रोखलं आणि रिंग हळूहळू फिरवली. पाण्यावरचं पांढरं आभाळ निघून गेलं, खालच्या पायरीवरचं शेवाळ आणि दगडाची एक तुटकी कड दिसायला लागली. एवढ्यासाठी पोलरायझर नेलाच पाहिजे! केदारेश्वराच्या गुहेत तो काढून ठेवा, तिथे आधीच अंधार.

खरेदीचं शेवटचं. सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला घ्या, बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी). हूड (लेन्सवर ऊन येऊ न देणारी झापड) मात्र मग बसत नाही. लेन्सवर आधीच असलेल्या यूव्ही फिल्टरवर पोलरायझर चढवू नका, वाइड लेन्सला कोपरे काळे येतात. अडकलेला फिल्टर पकडून फिरवायला सॅकमध्ये एक रुंद रबरबँड ठेवा. माझा फिल्टर थंडीत लेन्सवर असा अडकला की पायथ्याच्या पाचनई गावात उतरेपर्यंत निघाला नाही.